सत्तावन्न की पंच्याहत्तर?

माझी भाची दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. बहिणीला बाहेर जायचं होतं, म्हणून अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी आकडे सांगायचे, तिनं वहीत लिहायचे. दहा, बारा, वीस, चाळीस, सगळं सुरळीत. मग मी म्हणालो, सत्तावन्न. तिनं क्षणभर पेन्सिल चावली, आधी ७ काढला आणि त्याच्या पुढे ५. मी म्हणालो, "अगं, हे पंच्याहत्तर झालं." ती वैतागली. "मामा, पण तू आधी सात म्हणालास ना!"

म्हणालो होतो खरा. 'सत्ता' आधी, 'वन्न' नंतर. कानावर एकक आधी पडतो, हाताला मात्र दशक आधी लिहावा लागतो. मराठीतून मोजायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा उलटा जिना चढावा लागतो, आणि तो उलटा आहे हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. वहीत लाल पेनानं 'उजळणी पाठ करून घ्या' असा शेरा येतो. मूल पाठ करतं आणि पुढे सरकतं. ज्याला ते जमत नाही ते 'गणितात कच्चं' ठरतं, आणि एकदा ठरलं की दहावीपर्यंत ठरलेलंच राहतं.

आता सांगा, भाचीची चूक कुठल्या विषयातली? गणिताची म्हणावी, तर तिला सात कळत होते, पन्नास कळत होते, दोन्हींची बेरीजही येत होती. मराठीची म्हणावी, तर सत्तावन्न हा शब्द कसा बनला हे मराठीच्या तासाला शिकवतच नाहीत. एक तास संपल्याची घंटा होते, पुढचे शिक्षक अजून यायचे असतात, आणि त्या गडबडीत असल्या चुका बाकाखाली पडून राहतात. गणित आणि मानव्यविद्या यांच्यातल्या दरीबद्दल आपण फार मोठ्या आवाजात बोलतो. मला ती दरी बरीचशी वेळापत्रकानं खणलेली वाटते.

हीच चूक २०१९च्या जूनमध्ये अख्ख्या महाराष्ट्रासमोर आली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्या स्वतः गणितज्ञ, शिवाय मराठीतून गणित सोपं करून सांगण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. मुद्दा साधा होता: जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलट पडतो. कानडीत सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग सात. तेलुगू, तमिळ, इंग्रजी, सगळीकडे तसंच. पण पुढे काय झालं ते आठवत असेल. भाषेचा खून झाल्याची ओरड झाली, विधिमंडळात आडनावांवरून कोट्या झाल्या, दोन आठवडे सगळ्यांची करमणूक झाली.

माझं मत विचाराल तर समितीनं दुखणं बरोबर ओळखलं होतं, औषध अर्धं दिलं. टिंगल करणाऱ्यांनी दुखणं पाहिलंच नाही. त्यांतल्या किती जणांनी सहा-सात वर्षांच्या मुलाला बहात्तर लिहायला सांगून पाहिलं होतं?

अर्धं औषध अशासाठी म्हणतो, की या नावांत गोंधळ दिसला तरी सांधे आहेत, आणि ते दाखवणं भाषेच्या अभ्यासकाचं काम. बावीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव यांतला 'बा' किंवा 'ब्या' म्हणजे 'बे'. 'बे एके बे' म्हणताना मुलं रोज जो म्हणतात तोच. 'वन्न' म्हणजे झिजलेला पन्नास, 'ण्णव' म्हणजे नव्वद. एकोणतीसमधला 'एकोण' म्हणजे 'एक उणा', तिसाला एक कमी. फळ्यावर वीस मिनिटांचं काम आहे. इतकं सांगितलं की सत्तावन्न हा पाठ करायचा आवाज न राहता 'सात आणि पन्नास' असा वाचता येतो. पण हा धडा घ्यायचा कोणी? गणिताचे शिक्षक म्हणतील, व्युत्पत्ती हा काही आमचा विषय नाही. मराठीचे म्हणतील, आकडे आमच्याकडे कशाला?

गणितवाल्यांनी त्या वेळी इतिहासाला विचारलं असतं, तर नॉर्वे सापडला असता. नॉर्वेजियन भाषेतही पूर्वी 'सात आणि वीस' असंच म्हणत. टेलिफोनचे नंबर तोंडी सांगताना घोळ व्हायचे, टेलिफोन खात्यानं बदल मागितला, संसदेनं ठराव केला आणि १९५१ साली 'वीस-सात' ही अधिकृत पद्धत झाली. शाळेत शिकवली, रेडिओवरून ऐकवली. इतकं करूनही आज कितीतरी नॉर्वेजियन घरात जुन्या क्रमानंच मोजतात, आणि देशाचं काही अडलेलं नाही. दोन पद्धती एकाच तोंडात सुखानं नांदू शकतात. आपल्याकडे हे म्हणायला त्या दोन आठवड्यांत कुणी मिळालं नाही, कारण हे म्हणायला थोडं गणित, थोडं भाषाशास्त्र आणि थोडा इतिहास एकाच माणसाला ठाऊक असावा लागतो. अशी माणसं घडणार नाहीत याची व्यवस्था आपण दहावीच्या निकालादिवशीच करून ठेवतो.

आकड्यांचं सोडा, भूमितीकडे या. वर्तुळ शिकताना मला एक शंका यायची, आणि ती विचारायची लाज वाटायची: त्रिज्येत 'त्रि' कसला? केंद्रापासून परिघापर्यंत एकच तर रेघ असते. मोठेपणी उत्तर मिळालं ते गणिताच्या पुस्तकात नाही, जुन्या ज्योतिषाच्या शब्दांत. आपल्या पूर्वजांनी वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा पाहिला. म्हणून कंस झाला 'चाप', त्याची दोरी झाली 'जीवा' किंवा 'ज्या', मधोमध लावलेला बाण झाला 'शर'. गणित सोपं जावं म्हणून त्यांनी पुढे अर्ध्या दोरीलाच 'ज्या' म्हणायला सुरुवात केली. आपण आज जिला साइन म्हणतो ती हीच. आता वर्तुळाच्या बारा राशी केल्या, तर तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशांची ज्या बरोबर केंद्रापासून परिघापर्यंत पोचते. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या. काही ग्रंथांत तर 'त्रिभज्या' असा शब्दच आहे. 'भ' म्हणजे रास.

गंमत अशी की 'ज्या' अरबांकडे 'जीबा' होऊन गेली. अरबीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाचणाऱ्यांना तो शब्द 'जैब' दिसला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. लॅटिनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर झालं 'सायनस', आणि त्यातून आला साइन. मराठी माध्यमातला मुलगा पाचवी-सहावीत त्रिज्या शिकतो आणि नववी-दहावीत 'साइन थीटा' शिकतो. एकाच धनुष्याची दोरी दोनदा त्याच्या हातात येते, एकदा मराठीत, एकदा परदेश फिरून आलेली, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी धनुष्य दाखवत नाही. साइन ९० अंशांना १ का, हे त्रिज्या या शब्दातच लिहिलेलं आहे. ज्याला शब्द कळला त्याला ती किंमत पाठ करावी लागत नाही.

भूमितीतली सिद्धताही तशीच. 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' असं लिहून आपण प्रमेयाला सुरुवात करायचो. पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायशास्त्रातले. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, या अनुमानात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. शाळेतल्या भूमितीत पक्षाचा अर्थ जरा सरकला आणि 'दिलेली माहिती' असा झाला, पण शब्द तत्त्वज्ञानाच्या घरातून आले हे खरं. आज ते तत्त्वज्ञान कुठे शिकवतात? कला शाखेत, तर्कशास्त्र या विषयात. तिथे मुलं सत्यतेचे तक्ते भरतात: 'प' सत्य, 'फ' असत्य, तर 'प आणि फ' काय? आणि बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचा पहिला धडा कोणता? तर्कशास्त्राचाच. तेच तक्ते, तेच सत्य-असत्य. गणित नको म्हणून आर्ट्सला गेलेला आणि गणितासाठी सायन्सला गेलेली, दोघं एकाच आठवड्यात तोच तक्ता भरत असू शकतात, एकाच आवाराच्या दोन इमारतींत. त्या गणिताच्या पुस्तकाच्या नावात कंसात 'कला आणि विज्ञान' असं चक्क छापलेलं आहे. पुस्तकाला ठाऊक आहे ते कॉलेजला नाही.

इथे मला एका प्रकाराबद्दल बोलायचं आहे, कारण या विषयावर लिहायला बसलं की तो आडवा येतोच. गणित म्हणजे कविताच, संगीतात गणित आहे, फिबोनाचीच्या आधी हेमचंद्रानं ते आकडे मांडले होते, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरतात. हेमचंद्राचं खरं आहे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. इतक्या मात्रांची ओळ किती प्रकारांनी बांधता येईल, असं विचारलं की १, २, ३, ५, ८, १३ अशी रांग मिळते. छंदःशास्त्रात विरहांकानं ती त्याच्याही आधी ओळखली होती. पण हे वाचून छाती फुगवणारे किती जण चार मात्रांचे पाच प्रकार कागदावर लिहून पाहतात? दोन मिनिटं लागतात. कौतुक फुकट आहे, मोजायला मात्र बसावं लागतं. मला तरी या नात्यातलं कौतुक पुरे झालं आहे, काम दाखवा.

कामाचं उदाहरण म्हणून लीलावतीकडे पाहू. सन ११५०च्या सुमाराला भास्कराचार्यांनी ती लिहिली, आणि तिच्यातली भुंग्यांची आर्जवी कोडी आपण शाळेत ऐकलेली असतात. त्यातलं एक असं: भुंग्यांच्या थव्याच्या निमपटीचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, एकूण थव्याचे आठ-नवमांश त्यांच्या मागोमाग गेले, आणि सुगंधाच्या लोभानं रात्री कमळात अडकून पडलेल्या एका भुंग्याच्या गुणगुणण्याला बाहेरून त्याची भुंगी साद देते आहे; तर थवा केवढा? उत्तर ७२. निमपट ३६, त्याचं मूळ ६, आठ-नवमांश ६४, उरले दोघं, एक आत आणि एक बाहेर. वर्गसमीकरणाचं हे गणित पाठ्यपुस्तकात 'क्ष'मध्ये आलं असतं, तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

पण या श्लोकात भास्कराचार्य समोरच्या व्यक्तीला हाक मारतात ती 'कान्ते' अशी. आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आठवा. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र (वेळ मोजायचं, पाण्यावर ठेवलेलं तळाला भोक असलेलं भांडं) लावलं, वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला, आणि दुःखी मुलीचं नाव अमर करायला बापानं ग्रंथ लिहिला. मुलीला कुणी 'कान्ते' म्हणेल का? ही कथा लेखी सापडते ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी यानं १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फार्सी अनुवादात, ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. हे शोधून काढायला समीकरण सोडवता येणं पुरत नाही. मूळ श्लोक वाचावा लागतो, कुठली गोष्ट कुठल्या पोथीत पहिल्यांदा आली हे विचारावं लागतं. ही मानव्यविद्येची हत्यारं. ती नसली की गणिताच्या इतिहासात काहीही खपतं. अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून सांगितलेली 'वैदिक गणिता'ची सूत्रं त्या वेदाच्या ज्ञात परिशिष्टांत कुठेही मिळत नाहीत, तरी त्यांचे क्लास गावोगाव चालतात. झटपट गुणाकार म्हणून ती खुशाल शिकवा, माझी तक्रार नाही. पण 'कुठल्या पोथीत?' हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी तिथे बसलेला असावा.

आणि तो शोधायला आपल्याला दूर जावं लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, १२०७ साली त्याला दान मिळालं, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी जुन्या मराठीत उतरतो, कारण तिथे बाजारातली कोणती देणी मठाला द्यायची याचा हिशेब आहे. गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालली, आणि ते सांगायला तेव्हाच्या लोकांना मराठी लागली. एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला भाऊ दाजी लाड यांनी, आणि ते होते डॉक्टर. तेव्हा कुणी त्यांना तुमची शाखा कोणती असं विचारलं नाही.

तो काळच तसा होता असं म्हणू. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं हे आपल्याला पत्रकारदिनामुळे आठवतं. त्यांनीच कलनशास्त्रावर मराठीत 'शून्यलब्धिगणित' लिहिलं, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं, आणि १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली शिळाप्रत छापली. वर्तमानपत्र, कलन, ज्ञानेश्वरी. जेमतेम पस्तिशीचं आयुष्य. आजच्या प्रवेश अर्जात त्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली असती?

पण जुन्या काळाचा हवाला देऊन भागत नाही. तेव्हा विद्या थोडी होती, एका डोक्यात मावत होती, असं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. म्हणून विसाव्या शतकातली दोन माणसं घेतो, दोन्ही पुण्यात काम केलेली.

पहिले विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केली, आणि १९२५पासून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. शेकडो पोथ्या, प्रत्येकीत पाठ वेगळा, मूळच्या जवळचा कुठला? बहुमतानं ठरवता येत नाही, कारण एकाच चुकीच्या पोथीच्या पन्नास नकला असू शकतात. पन्नास नकला म्हणजे साक्षीदार एकच. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, ज्यांचा एकमेकींशी शतकानुशतकं संबंध आला नसावा, त्या एकाच पाठावर आल्या तर त्याचं वजन मोठं. स्वतंत्र साक्षीदारांचं हे तत्त्व संभाव्यतेच्या पहिल्या धड्यातलं आहे. सुकथनकरांनी पोथ्यांची वंशावळ लावली ती अशा विचारानं. गणिताचं शिक्षण त्यांना किती उपयोगी पडलं हे मोजता येणार नाही, पण १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या खंडात त्यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचताना सिद्धता वाचल्यासारखं वाटतं, एवढं मी सांगू शकतो. ते १९४३ला गेले, काम १९६६ला संपलं.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेंचा. वडील पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित, मुलगा गणितज्ञ. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना कोसंबींना संख्याशास्त्र नीट आत्मसात करायचं होतं, आणि ते पुस्तकातली उदाहरणं सोडवून येत नाही असं त्यांचं मत. हाताला खरं काहीतरी हवं. त्यांनी घेतली नाणी.

आहत नाणी तुम्ही संग्रहालयात पाहिली असतील. चांदीच्या पत्र्याचे वेडेवाकडे कापलेले तुकडे, वजनाला साधारण तीन-साडेतीन ग्रॅम. त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी असे ठसे. राजाचं नाव नाही, साल नाही. कुणी पाडली, कधी पाडली, आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं? इतिहासकार ठशांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू काढला. त्यांचं म्हणणं असं: टाकसाळीतून निघताना नाण्याचं वजन ठरावीक असतं. मग ते हातोहात फिरतं, झिजतं. तुमच्या खिशातलं जुनं नाणं बोटांत धरून बघा, कडा कशी गुळगुळीत झालेली असते. एक नाणं काही सांगत नाही, पण शेकडो नाणी तोलली की सरासरी किती उतरली आणि वजनांत फरक किती पडला हे दिसतं, आणि कोणता गट किती काळ चलनात राहिला याचा क्रम लावता येतो. तक्षशिलेच्या ढिगांतल्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा होत्या. त्या जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी असं त्यांना आढळलं. नाणं तपासून खूण करणाऱ्या माणसानं नकळत तारखाच मारून ठेवल्या होत्या. मुकं नाणं बोललं ते तराजूमुळे.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. वजनं झाली, क्रम लागला, आणि मग प्रश्न आला: पण ही पाडली कुणी? त्याचं उत्तर तराजूत नव्हतं. पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ उघडावे लागले, आणि ते उघडायला संस्कृत पक्कं हवं. म्हणून ते भर्तृहरीकडे वळले, आणि त्यात असे रुतले की १९४८ साली त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती देऊनच बाहेर आले. (जैन ग्रंथमालेत निघालेलं संस्कृत पुस्तक आणि अर्पण केलेलं मार्क्स, एंगल्स, लेनिन यांना. हा खोडकरपणा त्यांनाच शोभतो.) १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाचा ग्रंथ आला आणि इथल्या इतिहासलेखनाची दिशा बदलली. एका दशांश चिन्हापासून सुरू झालेला प्रवास मौर्यांच्या समाजापर्यंत गेला, तो मध्ये कुठे शाखा बदलायचा अर्ज भरावा लागला नाही म्हणून.

कोसंबींना देव करण्यात अर्थ नाही. रीमानचं गृहीतक, म्हणजे गणितातलं आजही न सुटलेलं एक प्रसिद्ध कोडं, सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ साली शेतकी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला, तो टिकला नाही, आणि त्यानं त्यांची फार नाचक्की झाली. सगळीकडे पाय ठेवणाऱ्याचा एखादा पाय घसरतो. विशेषज्ञांची पहारेदारी लागते ती यासाठीच. मी तज्ज्ञतेच्या विरोधात नाही. मी त्या दाराच्या विरोधात आहे, जे पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही.

इंग्लंडमध्ये १९५९ सालीच सी. पी. स्नो यांनी शास्त्रज्ञ आणि साहित्यिक या दोन संस्कृती एकमेकींशी बोलत नाहीत अशी तक्रार केली. आपल्याकडे ती वाक्यं जशीच्या तशी उचलतात. पण तिथे साहित्यिक वरच्या पायरीवर होते. आपल्याकडे उतरंड टक्क्यांची आहे: पंच्याऐंशीच्या वर सायन्स, त्याखाली कॉमर्स, उरले ते आर्ट्स. ज्याला इतिहास मनापासून आवडतो त्याला घरचे म्हणतात, "इतके चांगले मार्क असून आर्ट्स?" आणि ज्याला गणिताची धास्ती आहे त्याला म्हणतात, "जाऊ दे, आर्ट्स आहेच." दोन्ही वाक्यं इतिहासाचा अपमान करतात, आणि दुसरं गणिताचाही.

२०२४ साली राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात सुचवलं गेलं, की दहावीला गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावं, मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा, म्हणजे ते विषय पुढे घेता येणार नाहीत. हेतू चांगला आहे. गणितात नापास होऊन शाळा सोडलेली मुलं कोणत्याही गावात भेटतात, त्यांना दार उघडलंच पाहिजे. माझं भांडण शेऱ्याशी आहे. त्यातून आपण छापील सांगतो, की ज्याला मोजता येत नाही त्याच्यासाठी मानव्यविद्या. मग हा मुलगा उद्या समाजशास्त्र घेणार, राज्यशास्त्र घेणार, पत्रकार होणार, जनगणनेचे तक्ते वाचणार. वाचणार कसे?

उदाहरण देतो. बेरोजगारीचा दर चारवरून पाच टक्क्यांवर गेला समजा. एक वर्तमानपत्र लिहितं 'एका टक्क्यानं वाढ', दुसरं लिहितं 'पंचवीस टक्क्यांनी वाढ'. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात, आणि वाचक ज्याच्या-त्याच्या पक्षाप्रमाणे निवडतो. हा फरक मराठीत एका झटक्यात सांगेल असा रुळलेला शब्द आपल्याकडे नाही. तो घडवायला मराठीचं अंग लागेल आणि टक्केवारीची समज लागेल. पेशवे दफ्तरातल्या रुमालांकडे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांकडे, वळलात तरी तेच. तिथे खंडी, मण, पायली, रुपये, आणे यांचे ढीग आहेत, आणि मणाचं माप प्रांताप्रांतात बदलतं. मोडी वाचता आली पण जमाखर्च कळला नाही, तर दुष्काळाच्या वर्षी गावानं सारा कसा भरला हे कधीच समजणार नाही. मग आपण पुन्हा लढायांकडेच वळतो, कारण तिथे आकडे कमी असतात.

म्हणून कला शाखेला कमी गणित नको, वेगळं गणित हवं: तक्ता वाचणं, सरासरी कुठे फसवते ते ओळखणं, नमुना कसा निवडला हे विचारणं, जुन्या मापांचे हिशेब करणं. परीक्षेत बैजिक सूत्रांऐवजी गेल्या आठवड्यातली बातमी द्या आणि तिच्यातले आकडे तपासायला सांगा. आणि सायन्सच्या मुलांना दर महिन्याला एक सिद्धता संपूर्ण वाक्यांत, चांगल्या मराठीत किंवा ज्या भाषेत शिकतात तिच्यात लिहायला लावा. 'म्हणून'च्या जागी तीन टिंबांची खूण करून भागणार नाही. 'म्हणून' का, ते लिहा. पुष्कळांना तिथेच कळेल, की आपल्याला पायऱ्या पाठ आहेत पण जिना कुठे जातो ते ठाऊक नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०२० साली कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत असं म्हटलंच आहे. पण वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकाला दोन विषयांचा मिळून एक तास कुठल्या रकान्यात टाकायचा हे कुणी सांगत नाही. तो रकाना आखला नाही, तर धोरण भिंतीवरच्या फ्रेममध्ये राहील.

भाचीचं काय झालं ते सांगतो. त्या संध्याकाळी मी तिला भास्कराचार्यांच्या जन्मवर्षाचा श्लोक सांगितला. ते आकडे न लिहिता शब्द लिहितात: रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. ती लगेच म्हणाली, "सहा हजार तीनशे एक." नाही म्हटलं, तेव्हाची रीत अशी की ऐकलेला पहिला आकडा उजवीकडे ठेवायचा आणि डावीकडे सरकत जायचं: शके १०३६. तिनं वहीकडे पाहिलं, खोडरबर घेतलं, ७ पानाच्या उजव्या कडेला लिहिला आणि त्याच्या डावीकडे ५. मग एकसष्ट, शहात्तर, त्र्याऐंशी, सगळे तसेच, उजवीकडून डावीकडे. एकही चुकला नाही.

एकोणनव्वदपाशी मी तिला 'एक उणा'ची गोष्ट सांगितली. ती तिला आवडली. पुढे नव्वद, एक्याण्णव करत ती नव्व्याण्णववर आली आणि थांबली. "मामा, इथे एकोणशंभर का नाही?"

मी म्हणालो, शाळेत विचार.

"कुणाला? मराठीच्या बाईंना की गणिताच्या?"